घरबघे काकाजी

काकाजींना घर घ्यायचं आहे. ही गोष्ट आमच्या खामल्यात सगळ्यांना माहीत आहे, आणि इतक्या वर्षांपासून माहीत आहे की "तुमच्या बिल्डिंगमध्ये काही निघून राहिलं का बे?" असं काकाजी ज्या पोरांना सायकलवर अडवून विचारायचे, ती पोरं आता आपापल्या फ्लॅटचे हप्ते भरतात. काकाजींचा पहिला हप्ता अजून जायचा आहे.

नागपुरात दर लेआउटला असा एखादा घरबघा असतोच. धरमपेठेतला सकाळी फिरायला निघाला की समोर न पाहता वर पाहत चालतो. कुठल्या गॅलरीला 'विकणे आहे'ची पाटी लागली, हे त्याला मालकाच्या शेजाऱ्याआधी कळतं. महालातला कोणत्या वाड्याच्या वाटण्या कुठवर आल्या, ते तोंडपाठ सांगतो. आमचे काकाजी मात्र या सगळ्यांचे वरिष्ठ, कारण ते सिव्हिल लाइन्सच्या एजी, म्हणजे महालेखापाल, ऑफिसातून निवृत्त झालेत. उभी हयात दुसऱ्यांच्या खर्चावर आक्षेप काढण्यात गेली. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसने शाल-नारळ दिला, ओळखपत्र परत घेतलं, पण आक्षेप काढण्याची सवय जमा करून घ्यायचं राहून गेलं.

नव्या स्कीमकडे ते फिरकत नाहीत. 2017पासून महारेरा आलं, नव्या प्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक आला, 2023च्या ऑगस्टपासून क्यूआर कोडही आला. मोबाइल धरला की चटई क्षेत्रापासून ताबा देण्याच्या तारखेपर्यंत सगळं समोर. "मग शोधायला काय उरते जी?" असं काकाजी विचारतात. त्यांचा जीव रमतो तो जुन्या, पण नूतनीकरण करून विकायला काढलेल्या फ्लॅटमध्ये. तिथे ना क्यूआर कोड, ना क्रमांक. मालक लिहील ते साहित्य.

हे साहित्य काकाजी ज्या बारकाईने वाचतात, तितकं नागपुरात दुसरं कुणी काही वाचत असेल असं वाटत नाही. हॉलच्या फोटोत ते सोफा, पडदे, झुंबर यांच्याकडे बघतच नाहीत. ते फरशीवरच्या टाइल मोजतात. रुंदीला पाच टाइल, टाइल दोन फुटी, म्हणजे हॉल दहा फुटांचा. जाहिरातीत तोच हॉल 'प्रशस्त' असतो. फोटो संध्याकाळी दिवे लावून काढला असेल, तर दिवसा उजेड येत नाही. स्वयंपाकघराचे चार फोटो आणि संडास-बाथरूमचा एकही नसेल, तर पैसे ओट्यापाशी संपले. फुलदाणीचा फोटो जवळून काढला असेल, तर मागच्या भिंतीला ओल आहे. किंमत 49.90 लाख लिहिली, तर ती पन्नासच्या आतलं घर शोधणाऱ्यांच्या यादीत शिरण्यासाठी. मालकाच्या मनात बावन्न आहेत. वाचलेली जाहिरात आणि बघितलेलं घर काकाजी एका रजिस्टरात टिपून ठेवतात; 'मालक अमेरिकेत, तातडीने विकणे' ही एक जाहिरात त्यात अनेक पानांवर येते. तातडी तीच, किंमत दर दिवाळीला वाढलेली. आणि 'मध्यस्थ क्षमस्व' हे शब्द हमखास एखाद्या मध्यस्थानेच लिहिलेले असतात.

अंतराचा हिशोब तर विचारूच नका. जाहिरातीतलं नागपूर किलोमीटरमध्ये मोजतच नाहीत. विमानतळ दहा मिनिटं, मिहान पंधरा, बर्डी बारा. काकाजींचं म्हणणं, हे सगळं खरं आहे, फक्त रात्री तीन वाजता निघावं लागते. वर्धा रोडवरच्या एका फ्लॅटला 'मेट्रो व्ह्यू' असं लिहिलं होतं. काकाजी बघून आले. तिथल्या ज्या 3.14 किलोमीटरच्या दुमजली पुलावरून मेट्रो धावते, त्याची गिनीज बुकात नोंद झाली, आणि फ्लॅटची गॅलरी त्याच्या अगदी समोर. "व्ह्यू एकदम चांगला आहे," काकाजी म्हणाले. "मेट्रोतल्या लोकांना यांची बेडरूम स्वच्छ दिसते."

एका रविवारी त्यांनी मला स्कूटरवर मागे बसवून प्रतापनगरला नेलं. वरच्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट, इमारत तीसेक वर्षांची, आतून मात्र चकाचक. मालक मोठ्या उत्साहाने हॉलचं छत दाखवायला निघाले. त्यात निळे दिवे होते, आणि ते रिमोटवर गुलाबी व्हायचे. काकाजी दारातच वाकले. मला वाटलं, चप्पल काढताहेत. ते बेडरूमच्या दाराची खालची कड बघत होते. दार जुनं सागवानी, पण खालून ताजं कापलेलं. कापल्या जागी लाकूड पिवळं दिसत होतं.

"टाइलवर टाइल मारली न?" काकाजींनी विचारलं.

मालक एकदम गप्प झाले. जुनी फरशी उखडायचा खर्च आणि कटकट वाचवायला तिच्यावरच नवी टाइल चिकटवली, की जमीन वर येते आणि दारं फरशीला घासायला लागतात. मग दारं खालून कापावी लागतात. काकाजींनी खिशातून दहाचं नाणं काढलं आणि उकिडवे बसून एकेका टाइलवर ठोकत हॉल पार केला. जिथे पोकळ आवाज आला, तिथे मान हलवली. बाथरूमच्या उंबऱ्याशी बोटं आडवी धरून उंची मोजली; टाइल चढल्याने उंबरा जेमतेम उरला होता. नंतर सगळे नळ एकाच वेळी उघडले. नळ नवे, देखणे, एका बोटाने चालणारे. पहिलं पाणी आलं ते चहाच्या रंगाचं. "तोट्या बदलल्या, आतला जीआय पाइप तसाच हो?" मालकांनी पाण्याकडे असं पाहिलं, जणू ते दुसऱ्या कुणाच्या घरून आलं होतं.

आता निळ्या-गुलाबी छताची पाळी आली. काकाजींनी अतिशय नम्रपणे एक दिवा काढायला सांगितला. वरचा मजला, डोक्यावर स्लॅब, त्यावर उघडी गच्ची. स्टुलावर चढून त्यांनी त्या भोकातून मोबाइलचा उजेड आत सोडला, आणि आत पूर्ण भारताचा नकाशा निघाला, ओलीचा, श्रीलंकेसकट.

मालकांच्या बायकोने मध्येच सांबारवडी आणली, हे सांगायलाच हवं. तिकडे अमेरिकेत म्हणे घर दाखवायच्या दिवशी भट्टीत बिस्किटं भाजतात, वासाने माणसाला घरच्यासारखं वाटावं म्हणून. ही माहिती काकाजींना त्यांच्या मुलाने दिलेली. कोथिंबिरीचं सारण भरलेली गरम वडी तोंडात घातल्यावर मी तर फ्लॅट घ्यायला तयार होतो, ओलीसकट. काकाजींनी दोन वड्या खाल्ल्या आणि विचारलं, "कुलरची खिडकी कुठे गेली?"

"काकाजी, आता एसी आहे न तिन्हीकडे."

"अन् लाइन गेल्यावर?"

नागपूरकराला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. मेमध्ये पारा 45च्या वर, वरचा मजला, दुपारची लाइन गेलेली. कुलर इन्व्हर्टरवर कसाबसा फिरतो, एसी फिरत नाही. त्या खिडकीच्या जागी आता बुद्धाची मोठी प्रतिमा आणि तिच्यामागे पिवळ्या दिव्यांची पट्टी होती. प्रतिमा शांत होती. मालक नव्हते.

कागदांची चौकशी सहसा काकाजी शेवटी करतात, वड्या संपल्यावर. गॅलरी आत घेऊन हॉल वाढवला, तर मंजूर नकाशात ती गॅलरीच आहे न? डीड ऑफ डिक्लरेशनची प्रत आहे का, आपल्या वाट्याला जमिनीचा अविभक्त हिस्सा किती? नंतर नियमित केलेल्या 572 किंवा 1900 लेआउटांतली जागा असेल तर नागपूर सुधार प्रन्यासचं आरएल, म्हणजे नियमितीकरणाचं पत्र? ज्या माणसाने सहा महिने फक्त टाइलचा रंग ठरवण्यात घालवले, त्याला आरएल कुठल्या कपाटात आहे ते आठवत नाही. अशा वेळी काकाजी रजिस्टरात 'कागद: शोधून सांगतो' एवढंच लिहितात. त्यांच्या हिशोबी हा सर्वांत गंभीर आक्षेप.

अंबाझरीच्या बाजूला गेले की मात्र त्यांच्यातला विनोद संपतो. 23 सप्टेंबर 2023च्या पहाटे तलाव ओसंडला, नाग नदी वस्तीत शिरली, अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी इथले तळमजले पाण्यात गेले. लोकांचं घरदार, कागद, फ्रिज, लग्नाचे अल्बम सगळं चिखलात. तेव्हापासून तिकडच्या तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये भिंतीला कमरेएवढं लाकडी पॅनल दिसलं की काकाजी पॅनलकडे बघत नाहीत. जिन्याखाली जातात आणि मीटरपेटी उघडतात. नूतनीकरण करणारा माणूस मीटरपेटीच्या आत रंग मारत नाही. गाळाची रेघ असली तर तिथे असते. एका घरी अशी रेघ सापडली, तेव्हा मालकीणबाई स्वतःच म्हणाल्या, "हो, इथवर होतं पाणी. जाहिरातीत कसं लिहू?" काकाजींनी रजिस्टर मिटलं, चहा घेतला आणि किमतीबद्दल एक शब्दही काढला नाही.

आता स्वतः काकाजी ज्या घरात राहतात, ते बघा. 1980च्या दशकातलं घर, मोझेकची फरशी, कडाप्प्याचा ओटा, न्हाणीतल्या नळाला सुतळी बांधलेली. काकू अधूनमधून रंगाचा विषय काढतात. काकाजी म्हणतात, विकायचंच आहे तर रंग काहून? 2020च्या सप्टेंबरपासून वर्षअखेरपर्यंत सरकारने मुद्रांक शुल्क तीन टक्क्यांनी उतरवलं होतं. सगळं नागपूर रजिस्ट्री ऑफिसात रांगा लावून उभं होतं, काकाजी थांबले. अजून उतरेल म्हणाले. शुल्क पुन्हा चढलं. 2021मध्ये बाईच्या नावावर घर घेतलं तर एक टक्का सूट आली. काकाजींनी काकूंना आनंदाने सांगितलं, आता घर तुझ्याच नावावर घेऊ, वाचलेल्या पैशात तुला पाहिजे ते कर. काकू म्हणाल्या, "तो एक टक्का आत्ताच द्या. नळ बसवते."

दलालांनी आधी काकाजींचा धसका घेतला होता. नंबर दिसला की फोन उचलायचे नाहीत. मग त्यांच्यातल्या एका पोराच्या डोक्यात आलं, की हा माणूस दुसरा गिऱ्हाईक म्हणून उभा करायला उत्तम आहे. खरा घेणारा घर बघत असताना काकाजीही तिथे असले, तर खऱ्याला घाई सुटेल. केलं. खरा घेणारा काकाजींच्या मागे मागे टाइलवरचे आवाज ऐकत फिरला आणि खाली उतरून म्हणाला, "या काकांचा नंबर मिळेल का?"

पोरगा हुशार. त्याने चाल उलटी केली. ज्या मालकाचा भाव हटत नसेल, नूतनीकरणावर सहा लाख लावून जो बारा लाख जास्त मागत असेल, त्याच्याकडे गिऱ्हाईक नेण्याआधी तो काकाजींना नेतो. काकाजी आपले नेहमीसारखे बघतात. पाऊण तासाने मालक स्वतःच्या घराकडे असं बघत असतो, जसं त्याने ते आत्ताच पहिल्यांदा पाहिलं. दुसऱ्या दिवशी बासष्टचे सत्तावन्न होतात आणि तिसऱ्या दिवशी सौदा. काकाजींना यातलं काही माहीत नाही, असं आम्ही समजत होतो. तसं नव्हतं. त्यांच्या रजिस्टरात 'बघितल्यानंतर उतरलेला भाव' असा एक रकाना निघाला, आणि खाली पेन्सिलने बेरीज.

पोराने एकदा पाकीट पुढे केलं. काकाजी चिडले. "पावती कशाची फाडशील? कोणत्या शीर्षाखाली दाखवशील?" पैसे नाही घेणार म्हणाले, पण तर्रीपोह्याला हरकत नाही, तो आतिथ्यखर्च. तेव्हापासून प्रत्येक सौद्यानंतर चौकातल्या गाडीवर पोहे ठरलेले. परवा मीही होतो. काकाजींनी पोह्यांवर ओतलेल्या तर्रीचा तवंग चमच्याने बाजूला सारला, खालचे चणे मोजल्यासारखे पाहिले, एक घास खाल्ला आणि मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "कॉलेजसमोरच्याची तर्री याच्याहून बरी आहे, चणे पण जास्त टाकते. पण तिथे पार्किंग नाही."