बापूंचं घोडं

रविवारी संध्याकाळी बापू चाळीचा जिना कसे चढतात, त्यावरून महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर काय झालं ते आम्हांला कळतं. जिंकले असतील तर दोन-दोन पायऱ्या एकदम. हे मी ऐकीव सांगतोय. माझ्या जन्माआधी एकदा तसं झालं होतं म्हणतात. एरवी ते प्रत्येक मजल्यावर थांबतात आणि एकेक कारण तिथे ठेवून वर येतात. पहिल्या मजल्यावर ट्रॅक जड होता. दुसऱ्यावर घोड्याला वजन जास्त दिलं होतं. तिसऱ्यावर जॉकीने चाबूक उचललाच नाही. आणि घराच्या दाराशी पोचेपर्यंत ट्रेनरच्या मनात आज जिंकायचंच नव्हतं. काकू दार उघडतात तेव्हा दोषाची वाटणी पुरती झालेली असते. बापूंच्या वाट्याला काही शिल्लक नसतं.

‘घोडा हरला’ हे शब्द बापूंच्या तोंडून मी आजवर ऐकलेले नाहीत. घोडा ‘ओढला’ जातो. ‘कोंडला’ जातो. ‘आज त्याला फक्त पळवून आणायचा होता’ असंही असतं. क्वचित तो ‘गेटमध्येच झोपतो’. बापूंनी ज्याच्यावर पैसे लावले तो घोडा आणि ज्याच्या पुढे चारजण गेले तो घोडा हे एकच जनावर असतं, हे त्यांना मुळी मान्यच नाही.

दादर ते महालक्ष्मी तीन स्टेशनं. नोव्हेंबर ते एप्रिल मुंबईचा मोसम, पावसाळ्यात पुण्याचा. म्हणजे बापूंना विश्रांती अशी मेमध्ये. नोकरीत असताना साहेबापुढे ते पावसाळ्यात पुण्याला इतक्यांदा मावशीला बघायला गेले, की निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी भाषणात मावशीच्या प्रकृतीची चौकशी केली. बापूंना मावशी नाही.

सामान ठरलेलं. शर्टाच्या वरच्या खिशात रेसचं पुस्तक, त्यात खोवलेली पेन्सिल, आणि पाकिटात चौपदरी घडी घातलेलं एक कात्रण. 1996 साली सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, की घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावणं हा जुगार नसून त्यात प्रामुख्याने कौशल्य लागतं. चाळीत कुणी ‘जुगार’ हा शब्द काढला, की बापू घडी उलगडतात. लोकांनी सत्यनारायणाची पोथी जपावी तसं हे कात्रण त्यांनी जपलंय. त्यावर काकूंचा अभिप्राय एवढाच, ‘‘अहो, कौशल्य लागतं असं कोर्ट म्हणतंय. तुमच्यापाशी आहे असं कुठे म्हणालंय?’’

2017 साली या कौशल्यावर 28 टक्के जीएसटी बसला, तेव्हा बापू महिनाभर सरकारवर नाराज होते. शिवाय रेसकोर्सच्या 211 एकरांपैकी 120 एकरांवर उद्यान होणार हे ठरल्यावर तर त्यांनी, मॉर्निंग वॉकवाल्यांच्या पायांना घोड्यांइतकी गती असती तर आपण त्यांच्यावरही लावले असते, असं जाहीर केलं. पण बापूंच्या अर्थशास्त्राची खरी उंची कळली ती कोविडच्या लशीच्या वेळी. पूनावालांचा मूळ धंदा घोड्यांच्या पैदाशीचा. म्हातारे घोडे सिरम काढायला दिले जात. त्यातून आपणच सिरम का करू नये असं सायरस पूनावालांना वाटलं आणि 1966 साली पुण्यात सिरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. हे सगळं खरं आहे. त्यापुढचं गणित बापूंचं. सिरमचीच लस घेऊन दंडाला बोट लावून ते काकूंना म्हणाले, ‘‘बघ. माझा पैसा वाया गेलेला नाही.’’

आता मतांकडे वळू. बापूंची मतं म्हणजे नुसती मतं नव्हेत, निकालपत्रं. महालक्ष्मीला 1943 साली पहिली इंडियन डर्बी झाली, ती प्रिन्सेस ब्यूटिफुल नावाच्या घोडीने जिंकली. बापूंचा तेव्हा जन्म झालेला नव्हता, तरी ती घोडी ‘शेवटच्या दोनशे मीटरमध्ये जरा दमली होती’ हे ते छातीठोकपणे सांगतात. रशीद बायरामजी हे ट्रेनर नव्हेत, दैवत. त्यांच्या तबेल्यातला स्क्वांडरर 19 वेळा पळाला आणि 18 वेळा जिंकला. कुणीही त्या 18 शर्यतींबद्दल बोलेल. बापू उरलेल्या एका शर्यतीबद्दल तासभर बोलू शकतात.

पेसी श्रॉफच्या बाबतीत मात्र ते हळवे होतात. जॉकी म्हणून आठ वेळा इंडियन डर्बी जिंकलेला हा माणूस पुढे ट्रेनर झाला. बापू म्हणतात, ‘‘पेसीचे हात बघायचे रे. बाकीचे जॉकी घोडा हाकतात. हा नुसता लगाम धरून बसायचा आणि घोड्याला वाटायचं, आपल्यालाच सुचलं.’’ हे वाक्य मला आवडतं. मी ते ऑफिसात साहेबांच्या संदर्भात दोनदा वापरलंय.

आणि 1979 साली महालक्ष्मीवर घोड्यावरून पडून गेलेला कोवळा जॉकी कार्ल उमरीगर. त्याचं नाव निघालं की बापू काही बोलत नाहीत. पुस्तक मिटतात, पेन्सिल कानावर ठेवतात आणि गॅलरीत जाऊन उभे राहतात. आम्हीही मग विषय काढत नाही.

इथपर्यंतचे बापू तुम्हांला कुठल्याही रविवारी सेकंड एन्क्लोजरच्या गर्दीत दहा-बारा तरी भेटतील. टोपी वेगळी, मावशी वेगळी, बाकी सगळं तेच. आमच्या बापूंचं वेगळेपण मला कळलं ते उशिरा, त्यांच्या पुतण्याने त्यांना जुना मोबाइल दिला तेव्हा.

त्या मोबाइलवर बापूंना उड्यांच्या शर्यती सापडल्या. आपल्याकडे महालक्ष्मी काय नि पुणं काय, सगळा मामला सपाट. गवतावरून सुटायचं आणि खांबाशी पोचायचं. विलायतेत आणि आयर्लंडात मात्र हिवाळाभर घोडे कुंपणांवरून, चरांवरून उड्या मारत चार-चार मैल पळतात. लिव्हरपूलजवळच्या एन्ट्री रेसकोर्सवर ग्रँड नॅशनल होते, तिच्यात अशा 30 उड्या. पहिल्या रात्री बापूंनी ती बघितली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर दाढीचा साबण तसाच ठेवून मला म्हणाले, ‘‘अरे, आपण आयुष्यभर काय बघितलं? बसची रांग!’’

महिन्याभरात त्यांना सगळं पाठ झालं. रेड रम हा त्यांचा पहिला लाडका. (बापू फोनवर कुणाला तरी ‘‘रेड रमशिवाय मजा नाही’’ म्हणत होते, काकूंनी त्यातलं ‘रमशिवाय मजा नाही’ तेवढं ऐकलं आणि दोन दिवस अबोला धरला.) 1973, 1974 आणि 1977 अशा तीन ग्रँड नॅशनल त्याने जिंकल्या, मधली दोन वर्षं दुसरा. त्याच्या पायाच्या हाडात दुखणं होतं. ट्रेनर जिंजर मकेन हा जुन्या गाड्या विकणारा माणूस, दुकानामागे तबेला, आणि घोडा पळवायचा तो साउथपोर्टच्या समुद्रकाठच्या वाळूत. खाऱ्या पाण्याने पाय सुधारला. यावरून दादर चौपाटीच्या वाळूत घोडे पळवण्याची एक योजना बापूंनी आखली होती. ती भेळवाल्यांनी ऐकूनच घेतली नाही.

पण रेड रमची पहिली नॅशनल सांगताना बापू त्याच्याबद्दल बोलतच नाहीत. ते क्रिस्पबद्दल बोलतात. क्रिस्पच्या पाठीवर 23 पौंड जास्त वजन. शेवटचं कुंपण ओलांडलं तेव्हा तो कितीतरी पुढे होता, आणि मग त्याचे पाय जड व्हायला लागले. रेड रमने त्याला अगदी खांबाजवळ गाठलं. ‘‘वजन,’’ बापू म्हणतात, ‘‘पण तक्रार नाही. पळाला बिचारा.’’

मी चमकलो तो इथे. तक्रार नाही? जॉकीने ओढला नाही? ट्रेनरच्या मनात नव्हतं असं नाही?

मग मी परीक्षा घ्यायचं ठरवलं. मोबाइलवर त्यांच्याबरोबर 1956 सालची नॅशनल बघितली. इंग्लंडच्या राजमातेचा घोडा डेव्हन लॉक, वर डिक फ्रान्सिस, जो पुढे कादंबरीकार झाला. सगळी कुंपणं पार, शर्यत जिंकल्यात जमा, खांब पन्नास यार्डांवर, आणि भर मोकळ्या मैदानात त्या घोड्याने एकाएकी चारी पाय पसरून पोटावर बसकण मारली. का, ते आजतागायत कुणाला नक्की सांगता आलेलं नाही. मी विचारलं, ‘‘बापू, का हो?’’ बापूंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा बघितला. आणि म्हणाले, ‘‘कळत नाही बुवा.’’

पन्नास वर्षांत हे शब्द बापूंच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. काकू स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघून गेल्या.

पुढे 10 एप्रिल 2021चा शनिवार आला. राज्यात वीकएंडचा लॉकडाउन, रस्त्यावर कुत्रं नाही. रात्री पावणेदहाला नॅशनल. चाळीतले आम्ही पाच-सहाजण दारातच अंतर ठेवून बसलेलो. बापूंनी सुटायच्या आधीच सांगून टाकलं, ‘‘मुलगी नेणार.’’ मुलगी म्हणजे रेचल ब्लॅकमोर. तोवर एकाही बाईने ही शर्यत जिंकलेली नव्हती. मिनेला टाइम्सवर बसून तिने जिंकली. भाव अकराला एक. आम्ही थक्क. ‘‘कशावरून ओळखलंत?’’ तर म्हणाले, ‘‘कुंपणापाशी ती घोड्याला काही सांगत नाही. त्याला जी उडी दिसते ती त्याला घेऊ देते. पेसीसारखी.’’

त्याच्या आदल्या महिन्यात चेल्टनमच्या गोल्ड कपमध्ये तिला दोन घोड्यांतून एक निवडायचा होता. तिने ए प्लस टार्ड घेतला, आणि तिने सोडलेला मिनेला इंडो जिंकला. ‘‘बघ,’’ बापू म्हणाले, ‘‘रोज ज्याच्या पाठीवर बसतात त्यांनासुद्धा चकवतो.’’ पुढच्या वर्षी त्याच ए प्लस टार्डने गोल्ड कप जिंकला, मिनेला इंडो दुसरा. तोही निकाल बापूंनी आधी सांगितला होता. टोनी मॅकॉय वीस वर्षं ओळीने चॅम्पियन जॉकी होता, तरी त्याला नॅशनल मिळाली ती थेट 2010 साली. हे सांगताना बापूंच्या स्वरात जो समजूतदारपणा असतो, तो महालक्ष्मीच्या जॉकीच्या वाट्याला कधी आलेला नाही.

तेव्हा मला प्रकाश पडला. तिकडच्या घोड्यांवर बापूंना छदामही लावता येत नाही. काकूंच्या घरात ऑनलाइन हा शब्द उच्चारायचीसुद्धा सोय नाही. म्हणून बापूंना तिकडचा घोडा घोड्यासारखा दिसतो. महालक्ष्मीचा दिसतो तो त्यांच्या शंभराच्या नोटेला चार पाय फुटल्यासारखा. नोट मागे पडली की माणूस आधी चोर शोधतो.

मी हा सिद्धांत त्यांना सांगितला. इतका वेळ ऐकून घेतलं त्याअर्थी पटला असावा. गेल्या जानेवारीतल्या एका रविवारी पाकीट माझ्यापाशी ठेवून, कात्रणासकट, ते माझ्याबरोबर महालक्ष्मीला आले.

असे बापू मी आधी बघितले नव्हते. भावांच्या बोर्डाकडे पाठ. पॅडॉकच्या कठड्याला टेकून नुसते बघत उभे. ‘‘हा बघ, मांड्यांमधे घामाचा फेस आलाय. शर्यत इथेच पळून झाली याची.’’ दुसरा घोडा सईसामागून सावकाश चालत आला. बापूंनी मला खाली बघायला लावलं. मागचा पाय पुढच्या पायाच्या खुणेच्याही पुढे पडत होता, चांगला वीतभर. ‘‘हा येणार.’’ तो आला. पुढच्या शर्यतीत एक घोडी, कान मागेपुढे हलवत, जॉकी चढताना एकदाही न थरकलेली. ‘‘ही.’’ ती आली, आणि भावही जबर घेऊन आली. आठ शर्यतींपैकी सहा बापूंनी बरोबर सांगितल्या. सातवीत त्यांचा घोडा थोडक्यात दुसरा आला, तर म्हणाले, ‘‘पहिला चांगला पळाला.’’ मला भरून आलं. एका माणसाला मी मुक्ती मिळवून दिली, असं वाटून स्टेशनाबाहेर मी दोघांसाठी वडापाव घेतले.

गाडीत बसायला जागा मिळाली. लोअर परळपर्यंत बापू खिडकीतून बाहेर बघत होते. मग त्यांनी खिशातून पुस्तक काढलं. कानावरची पेन्सिल काढली. सहाही घोड्यांपुढे भाव लिहिले, नेहमी लावतात तेवढी रक्कम धरली, गुणाकार केले, जीएसटी वजा केला, आणि प्रभादेवीला खाली दोन रेघा ओढल्या. बेरीज 17,400 रुपये.

दादरला उतरेपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. चाळीचा जिना चढताना पहिल्या मजल्यावर थांबले, दुसऱ्यावर थांबले, पण कारण एकाही मजल्यावर ठेवलं नाही. जपून वर घेऊन आले. काकूंनी दार उघडलं. बापूंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

‘‘यानं ओढलं मला.’’

पुढच्या रविवारपासून ते पाकीट घेऊन जायला लागले. पण ते 17,400 काही विसरलेले नाहीत. परवा गणपतीची वर्गणी मागायला गेलो तर म्हणाले, ‘‘तुझ्याकडून येणं आहे, त्यातून वळती करून घे.’’