कपहेड, फासे तू टाकलेस, वसुली मी का करू?

चि. कपहेड यास,

अनेक उत्तम आशीर्वाद. काल रात्री साडेअकरापर्यंत तुला उद्देशून जे काही बोललो, ते आशीर्वादात धरू नये.

पत्रास कारण की, तुझ्या नावाच्या त्या व्हिडिओ गेममध्ये जुगार तू खेळलास. घरात किटलीआजोबांसारखं वडीलधारं माणूस असताना मगमन या भावाला घेऊन सैतानाच्या कॅसिनोत गेलास, चार डाव जिंकल्यावर चेकाळलास आणि मगमन ‘नको नको’ म्हणत असताना दोघांचे आत्मे पणाला लावून मोकळा झालास. फासे पडले एक आणि एक. धर्मराजानेही भाऊ पणाला लावले होते, पण वनवासाला तो स्वतः गेला. तू सैतानाचे पाय धरलेस, त्याच्या 17 ठिकाणच्या थकबाकीदारांकडून करारपत्रं वसूल करून आणायचं कबूल केलंस आणि ती कामगिरी बिनदिक्कत माझ्या अंगठ्यांवर सोपवलीस. पतपेढीत कुणाला जामीन राहू नये, असं माझे वडील जन्मभर सांगत. चहाच्या कपालाही राहू नये, हे सांगायचं तेवढं राहून गेलं.

मी फसलो तो तुझ्या रूपाला. डोक्यात लाल पट्ट्यांची नळी, रबरासारखे लवचीक हातपाय, बेटी बूप आणि पॉपाय पडद्यावर आणणाऱ्या फ्लायशर बंधूंच्या स्टुडिओतून नुकताच चालत आल्यासारखा तू. 1930च्या दशकातली ती कला कुणी संगणकाकडून उसनी आणली असती, तर मी पाकिटाला हात लावला नसता. पण तुझी एकेक हालचाल कागदावर पेन्सिलीने काढलेली, शाईने गिरवलेली; रंग तेवढे संगणकावर भरलेले. मागचे देखावे जलरंगातले. सोबत खराखुरा बिगबँड. कॅनडातल्या चॅड आणि जॅरेड मोल्डनहॉवर या भावांनी तुझ्यापायी नोकऱ्या सोडल्या, घरं गहाण टाकली. म्हणजे पणाला लावायची खोड तुमच्या घराण्यातच आहे! त्यांचे फासे मात्र सरळ पडले. 29 सप्टेंबर 2017 ला तू बाजारात आलास आणि लाखोंनी विकला गेलास. त्यातला एक मी.

आता तक्रार. एवढं सुंदर चित्र काढायचं आणि ते बघायची सवड द्यायची नाही, याला काय म्हणावं? तो कॅग्नी नावाचा फुलाचा राक्षस. सांबाच्या ठेक्यावर झुलतो, म्हणे. मी त्याला निदान साठ वेळा भेटलो, पण झुलताना पाहिला नाही. मला फक्त पायाखालून वर येणारे काटे आणि आकाशातून पडणाऱ्या बिया ठाऊक. नजर सगळा वेळ पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात, तुझ्या त्या तुळतुळीत टाळूवर खिळलेली. ताजमहालात जावं आणि पूर्ण वेळ चपला सांभाळाव्यात, तसं झालं.

तीन धक्के लागले की तू गेलास. गेल्यावर समोर एक कार्ड येतं. त्यावर मारेकऱ्याचं थोबाड, त्याचा एक टोमणा आणि वाटेची रेघ: कुठपर्यंत पोचला होतात बघा. ती रेघ ज्याच्या डोक्यातून निघाली, त्याला माणसाचा स्वभाव पुरता कळला असणार. संपायला नखभर अंतर उरलेलं दिसल्यावर कोण झोपायला जाईल? बरं, एक झुंज दोन-तीन मिनिटांची. ‘आता हे शेवटचं’ असं मी बायकोला एका रात्रीत किती वेळा सांगितलं, याचा हिशेब तिने ठेवला आहे.

‘सोपा’ असाही एक पर्याय आहे, हे मला ठाऊक आहे. तो घेऊन पाहिला. मारामारी झाली, जिंकलोही, पण करारपत्र मिळालं नाही. आणि सगळी करारपत्रं जमल्याशिवाय सैतानाचं दार उघडत नाही. म्हणजे हप्ता भरायचा आणि पावती मिळायची नाही. यापेक्षा मेलेलं परवडलं.

सगळ्यात संतापजनक गोष्ट अशी, की तुझ्यावर लबाडीचा आरोप करता येत नाही. प्रत्येक शत्रू वार करण्याआधी दात विचकतो, छाती फुगवतो, हात मागे घेतो. इशारा दिल्याशिवाय कुणी मारत नाही. मेलो तो माझ्याच चुकीने मेलो, हे प्रत्येक वेळी पटतं. सत्तेचाळिसाव्या वर्षी ते इतक्यांदा पटवून घेणं प्रकृतीला बरं नाही. तू बाजारात यायच्या आधीच एका पत्रकाराला शिकवणीतली एक उडीसुद्धा जमेना आणि साऱ्या जगाने त्याची चेष्टा केली. मीही हसलो होतो. त्या पत्रकाराची मी इथे जाहीर माफी मागतो.

मग दिवाळीच्या सुट्टीत भाची आली. तेरा वर्षांची. तिने कंट्रोलर घेतला आणि मी बाजूला चिवडा खात बसलो. त्या दिवशी मी तुझा खेळ पहिल्यांदा पाहिला. फूल खरंच झुलत होतं. विमानातून लढताना ती हिल्डाबाई ढगांत हसत हसत चंद्र झाली, तेव्हा माझा चिवडा हातातच राहिला. याच चंद्राने मला बावीस वेळा मारलं होतं आणि तो इतका देखणा आहे हे मला माहीत नव्हतं.

आता आम्ही दोघं खेळतो. मी तू, ती मगमन. मी मेलो की माझा आत्मा तरंगत वर निघतो. तिने उडी मारून त्याला हात लावला की मी परत जिवंत. ती अचूक लावते. दर वेळी ‘मामा, बघ ना समोर!’ असं ओरडते, तेवढं सोडलं तर व्यवस्था उत्तम आहे.

मगमनला नमस्कार सांग. किटलीआजोबांना तोंड दाखवण्याआधी धुऊन घे. कळावे.

तुझा,
जामीनदार

ता. क. : वाचकांपैकी कुणी हा खेळ घ्यावा का विचारत असेल, तर घ्यावा. मात्र दोन कंट्रोलर घ्यावेत आणि दुसरा आपल्यापेक्षा तीसेक वर्षांनी लहान माणसाच्या हाती द्यावा. 17 पैकी 9 करारपत्रं जमा आहेत. आज रात्री ड्रॅगन.