पंधरावे ताट

मा. ग्रुप ॲडमिनसाहेब यांच्या सेवेशी,

गेल्या शनिवारी साहेबांच्या नेतृत्वाखाली हरिश्चंद्रगडाची मोहीम फत्ते झाली, त्याबद्दल अभिनंदन. हे पत्र खासगीतही धाडता आले असते. पण साहेबांनी गडावरचे एकोणसाठ फोटो चारचौघांत टाकले, तेव्हा हिशेबही चारचौघांतच झालेला बरा.

हिशेबात साहेबांचा हात धरणारा कोणी नाही. माणशी 1,450 रुपये. त्यात गाडी, डिझेल, टोल, तंबूंचे भाडे, नारायणगावची मिसळ. जादा पावाच्या 40 रुपयांनासुद्धा स्वतंत्र रकाना. एकच रकाना राहून गेला : निघाले किती आणि पोहोचले किती.

पुण्याहून सातला निघायचे ठरले होते. खुबी फाटा सोडून गाडी खिरेश्वरला लागली तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. गावातल्या एका वाटाड्याने "अंधार पडंल, सोबत येऊ का?" असे आपणहून विचारले. साहेबांनी त्याला मोबाइलवरचा नकाशा दाखवला. नकाशात अंधार दाखवत नाहीत, हे त्या बिचाऱ्याला कुठून कळणार!

टोलार खिंडीची वाट नवख्यांना चार-पाच तास घेते. खिंडीत वाघाचे शिल्प, पुढे रेलिंग लावलेला कातळ आणि वर पोहोचलो म्हणेपर्यंत त्या प्रसिद्ध सात टेकड्या. प्रत्येक टेकडी शेवटची वाटते आणि नसते. नोव्हेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे कातळ संपेपर्यंत उजेड संपला. पंधरा जणांत विजेऱ्या सहा. कर्नल साइक्सला कोकणकड्यावर गोल इंद्रवज्र दिसले होते, हे साहेबांनी चालता चालता तीनदा सांगितले. दोनशे वर्षांपूर्वीचा गोरा साहेब त्यांना मुखोद्गत. मागून कोण चालतोय याचा मात्र पत्ता नाही.

हरिश्चंद्रेश्वराच्या देवळापाशी सगळे टेकले. पिठलं-भाकरीवाल्या मावशींना सकाळीच पंधरा ताटे सांगून ठेवली होती. त्यांनी वाढली, मोजली आणि विचारले, "पंधरावं ताट कुणाचं?"

तेव्हा कळले, एक जण मागेच राहिलाय. एका मावशींच्या ताटांमुळे.

तो मुलगा एकवीस वर्षांचा, आयुष्यातला पहिलाच गड, पायात नवे बूट. पोटरीत गोळा आला म्हणून बसला आणि पुढचे पुढे निघून गेले. आईला त्याने "किल्ल्यावर जातोय" एवढेच सांगितलेले. कुठला किल्ला, कुठली वाट, परत कधी, सोबत कोण, यातले घरी काहीच ठाऊक नाही. बारा तास उलटले असते तरी त्या माउलीने शोधायचे कुठे? आणि वर काय चालले होते? "येईल मागून," असे म्हणत एकाने दुसरी भाकरी घेतली. या कातळांत फुरसे असते, दरीकडेला अंधारात पाऊल कुठे पडेल सांगता येत नाही, आणि चौदा धडधाकट माणसांत एकालाही लाज वाटली नाही!

पिछाडीला एक जाणता गडी ठेवायचा आणि त्याच्या मागे कुणालाही राहू द्यायचे नाही. दर थांब्याला माथी मोजायची. गावातून निघण्यापूर्वी नावे आणि वाट घरी कळवायची. यातल्या एकालाही दमडी पडत नाही. म्हणूनच बहुधा त्याला रकाना नाही.

बाकी तक्रारी किरकोळ. अभयारण्यात शेकोटी पेटवली, तीही गवताला लागून. दोघांनी थंडी वाजते म्हणून बंद तंबूत स्टोव्ह लावला. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस झोपलेलाच राहतो, हे मावशींच्या मुलाने त्यांना बाहेर ओढून समजावले. स्पीकरबद्दल न बोललेलेच बरे.

तो मुलगा सापडला सव्वादहाला, तिसऱ्या टेकडीच्या अलीकडे, कारवीच्या आडोशाला. फोन चार टक्क्यांवर, रेंज शून्य. मागे राहिल्यावर तो जागचा हलला नाही, एवढेच शहाणपण त्या दिवशी कुणी दाखवले असेल तर त्याने.

आणि त्याला शोधायला कोण गेले? मावशींचा मुलगा आणि खुद्द साहेब. जेवण टाकून, काठी घेऊन, त्याला हाका मारत. परत आले तेव्हा मुलाची सॅक साहेबांच्या पाठीवर होती आणि त्यांचा आवाज पार बसला होता. त्यांनी त्याच्यापुढे ताट सरकवले आणि स्वतः देवळाच्या भिंतीकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले. खांदे हलत होते. कुणी जवळ गेले नाही.

मग जरा जुने मेसेज उलगडून पाहिले. "गाडी कोण बघेल?" यावर तेवीस जणांच्या ग्रुपात सहा अंगठे. "वाटाड्या घ्यायचा का? 1,200 म्हणतोय" यावर नऊ जणांचे उत्तर : "कशाला?" तंबूंची आगाऊ रक्कम साहेबांनी खिशातून भरली, तिघांकडून ती अजून यायची आहे. म्हणजे वाटाड्याला त्या दुपारी जो नकाशा दाखवला, तो ग्रुपनेच साहेबांच्या हातात दिला होता.

काल रात्री साहेबांनी पुढच्या मोहिमेचा मेसेज टाकला : रतनगड. त्या मुलाचा होकार पहिला आला. खाली साहेबांनी पहिल्यांदाच लिहिले, "पिछाडीला कोण राहणार?"

बावीस जणांनी वाचले आहे. उत्तर एकाचेही नाही. त्या बावीसांत प्रस्तुत पत्रलेखकही आहे.

कळावे, लोभ असावा.