एका दाताचा प्रश्न

पुण्यात असतो तर हा लेख लिहावाच लागला नसता. नाना पेठेतून एक दात जास्त असलेलं स्प्रॉकेट आणायचं, मेकॅनिकसमोर चहा पीत बसायचं, की झाली बुलेट हायवेला तयार. चेनच्या गाडीचं सगळं कसं उघड्यावर असतं. माझ्या नशिबी आली ती स्टुटगार्टमध्ये, आणि तीही शाफ्टवाली: १९७३ची बीएमडब्ल्यू आर ७५/५. या घराण्याने १९२३च्या पहिल्या मोटारसायकलपासूनच शाफ्ट धरलेला. इंजिनाची ताकद एका दांड्यातून मागे जाते, दांडा उजव्या नळीत तेलात फिरतो, आणि टोकाला बेव्हल गिअरची बंद पेटी. चेनचा ताण बघा, पँटचे काळे डाग धुवा, ही कटकटच नाही. फक्त मूठ पिळली की गाडीचा मागचा भाग उठतो आणि सोडली की बसतो. जर्मन लोक म्हणूनच या गाड्यांना ‘रबरी गाय’ म्हणतात. लाडाने म्हणतात, असं मी धरून चाललो आहे.

माझी तक्रार वेगळी होती. ताशी शंभरला, चौथ्या म्हणजे शेवटच्या गिअरमध्ये, इंजिन मिनिटाला सुमारे चार हजार फेरे घेई. माझा डावा पाय आपला पाचवा गिअर शोधत राही. पेटीत दहा दातांचं पिनियन आणि बत्तीस दातांचं क्राउन व्हील. १९७६ला आलेल्या आर १००आरएसमध्ये तेच अकरा-बत्तीस. हवा होता तो एवढा एक दात.

पण दात सुटा मिळत नाही. पिनियन आणि क्राउन व्हील कारखान्यातच जोडीने जुळवलेले असतात. एकाला दुसऱ्याच घरात दिलं तर दोघंही आयुष्यभर कुरकुरतात. (पत्रिका बघणाऱ्यांनी यातून काय तो बोध घ्यावा.) म्हणून अख्खी पेटीच घ्यायची. तीही सुरुवातीच्या, मागे ड्रम ब्रेक असलेल्या आरएसची; नंतर डिस्क आली, ती माझ्या चाकाला चालत नाही. मानहाइमला ऑक्टोबरात जुन्या गाड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथे एका ताडपत्रीवर ती सापडली. अंगावर आकडा ठोकलेला होता, पण बाजारात आकड्यावर विसंबू नये. चाकाच्या बाजूला खडूची खूण करून एक पूर्ण फेरा दिला आणि पुढचं टोक किती फिरतं ते मोजलं. तीनला जरासं कमी भरलं. माझ्या पेटीत तीनला जरासं जास्त भरतं. पैसे मोजले.

बसवणं म्हणाल तर अर्ध्या दुपारचं काम. तेल काढा, चाक काढा, ब्रेकचा रॉड आणि उजवा शॉकअब्सॉर्बर सोडवा, मग चार नट, की पेटी हातात. शेजारचे निवृत्त मेकॅनिक आजोबा मदतीला आले, म्हणजे खुर्ची टाकून ‘सावकाश, सावकाश’ म्हणत बसले. बाल्कनीतून बायकोने चौकशी केली, “एका दातासाठी एवढं? तुझी अक्कलदाढ अर्ध्या तासात काढली होती.”

“काढणं सोपं असतं गं. हा वाढवायचाय.”

खरं नाटक पुढेच. या गाडीचा वेगाचा काटा गिअरबॉक्सवरून केबलने चालतो. त्या बिचाऱ्याला मागे काय घडलं याचा पत्ताच नाही. तो शंभर दाखवी तेव्हा आम्ही एकशे दहाने चाललेलो असू. किलोमीटरही तसेच: अकरा झाले की दहाच नोंदवी.

“म्हणजे दर अकरा वर्षांत एक वर्ष वय कमी?” बायको एकदम मवाळ झाली. “हा दात माणसांना बसवतात का?”

कायद्याला मात्र हे पसंत नाही. काट्याने खऱ्यापेक्षा थोडा जास्त वेग सांगितला तर चालतं, कमी सांगितलेला अजिबात चालत नाही. बढाई माफ, विनय गुन्हा. तेव्हा मीटर उघडणं आलं. डायलवर बारीक अक्षरात ‘डब्ल्यू’ आणि एक दशांशातला आकडा असतो. एका मीटर अंतराला केबलचे किती फेरे, याचा तो हिशेब. नव्या पेटीच्या हिशेबाने मीटर जुळवून घेतला. मग तपासणी, मग कागदोपत्री नोंद. तपासनीस गाडीभोवती दोनदा फिरले, खाली वाकले आणि म्हणाले, “बाहेरून तर काहीच फरक दिसत नाही.” इतक्या खर्चानंतर हे ऐकायला कुणालाही आवडणार नाही.

सपाट रस्त्यावर मात्र सुख आहे. शंभरला साडेतीन हजारांच्या थोडं वर. इंजिन गुणगुणतं, आरसे थरथरत नाहीत, पायाचा शोधही थांबला. पहिल्या रविवारी बायकोला मागे बसवून उल्मच्या दिशेने निघालो. वाटेत महामार्गावर श्वेबिश आल्बचा घाट लागतो. चढ सुरू झाला आणि चौथ्यात गाडीने मान टाकली. तिसरा टाकावा लागला. तिसऱ्यात त्याच वेगाला फेरे पूर्वीच्या चौथ्यापेक्षाही जास्त. वाचवलेलं सगळं व्याजासकट परत.

“अरे,” मागून आवाज आला, “पूर्वी आपण या घाटात चौथ्यातच जायचो ना?”

इंजिन इतकं बोंबलत होतं की मला ते ऐकू आलं नाही, असं मी ठरवलं.