मामा पाहिजे

नीटचा निकाल लागला की आमच्या चामराजपेटेतल्या मराठी घरांत लग्नाचे जुने अल्बम बाहेर निघतात. ग्रुप फोटोत मागच्या रांगेत, कोपऱ्यात उभा असलेला, पंगतीत ज्याला कुणी धड आग्रहही केला नव्हता तो इसम हल्ली शारजात असतो, असं कुणाला तरी आठवतं. पाचव्या मिनिटाला तो मुलाचा मामा होतो.

तसं बेंगळूर मेडिकल कॉलेज आम्हाला पायी जाण्याइतकं जवळ. 1955 सालचं, सरकारी, फी झेपणारी. पण हे अंतर रँकने मोजायचं असतं, आणि तसं मोजलं की कॉलेज थेट काशीला जाऊन बसतं. उरतं खासगी कॉलेज. तिथे अनिवासी भारतीयांचा कोटा असतो आणि मार्कांची तूट नात्याने भरून निघते. (नात्याने म्हणजे डॉलरने, पण चारचौघांत तसं बोलू नये.)

गैरसमज नको, सोय कायदेशीर आहे. तुमकूरच्या एका कॉलेजात सरकारी जागेला वर्षाला 2,000 रुपये, कर्नाटकातल्यांना 25,000 आणि बाहेरच्यांना 60,000 असं दरपत्रक होतं. त्यावरच्या मोहिनी जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1992 मध्ये कॅपिटेशन फी बेकायदा ठरवली. मग 2005 मध्ये इनामदार खटल्यात 15 टक्क्यांपर्यंत जागा खऱ्याखुऱ्या अनिवासींच्या मुलांना, पाल्यांना द्यायला मुभा मिळाली. त्या पैशातून गरीब विद्यार्थ्यांचं भलं व्हावं, असंही न्यायालय म्हणालं. गरिबाचं काय झालं ते कॉलेजच्या हिशेबनिसाला विचारा. पाल्याचं मात्र बरं चाललंय.

पंजाब सरकारने तर ऑगस्ट 2024 मध्ये काका, मामा, आत्या, मावशी, आजी-आजोबा, चुलत-मावस भावंडं असं अख्खं वऱ्हाडच कोट्यात घेतलं. उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. 24 सप्टेंबरला सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या पीठाने पंजाबचं अपील फेटाळलं आणि ही फसवणूक थांबली पाहिजे असं बजावलं. एका मराठी माणसाने मामाला असं तोडावं, याचं आमच्या गल्लीला फार वाईट वाटलं. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, असं आपण उगाच म्हणत आलो. कोट्यात मिशांची अट नव्हतीच. वकिलातीचा दाखला, बँकेचं स्टेटमेंट, प्रतिज्ञापत्र आणि वंशवृक्ष एवढं जमलं की झालं. वंशवृक्षाचं सोपं असतं. फांदी हवी तिथे फुटते.

पूर्वी लोक किती भाबडे! 1986 मध्ये मुलीच्या एमडीच्या गुणांत फेरफार झाल्याच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ताशेरे ओढले आणि शिवाजीराव पाटील निलंगेकरांना मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. आता गुणांना हात लावायची गरजच काय? 2023 मध्ये पदव्युत्तर नीटच्या जागा भरेनात, तेव्हा पात्रतेचा पर्सेंटाइल सरळ शून्यावर आणला. शून्यात फेरफार करणार तरी कसला!

अमेरिकेतल्या बड्या विद्यापीठांत आजोबा तिथेच शिकले असतील तर नातवाला झुकतं माप मिळतं, म्हणून तिकडे केवढा गहजब. आपल्याकडे आजोबा शिकलेले असावेत अशी अट नाही. त्यांनी कॉलेज काढलेलं असलं की पुरे.

गल्लीला आता आशा आहे ती आपल्या सरकारची. कर्नाटकचे वैद्यकीय शिक्षणमंत्री शरणप्रकाश पाटील यांनी 2024 मध्ये सरकारी कॉलेजांतही 15 टक्के अनिवासी कोटा, जादा जागांच्या रूपात, मागितला. कॉलेजांना पैसा हवा, हे त्यांचं कारण. खरं असेलही. म्हणजे काशीला गेलेलं ते कॉलेज पुन्हा पायी जाण्याइतकं जवळ येऊ शकतं, फक्त वाटेत शारजा लागेल. तोवर पुढली जाहिरात द्यायची ठरली आहे:

मामा पाहिजे. आखाती देश किंवा अमेरिका. सिंगापूरचाही विचार होईल. जात, गोत्र, पोटशाखेची अट नाही. एनआरई खातं चालू हवं. भाच्याचं नाव पाठ करून घेतलं जाईल.