चिंतन शिबिर : दोन दिवस, एक रात्र, न्याहारीसह

कर्मचाऱ्यांना रोजच्या धबडग्यातून दूर नेऊन विचारास अवसर द्यावा, या हेतूने योजिलेल्या निवासी मेळाव्यास कार्यालयीन भाषेत 'रिट्रीट' म्हणतात. लष्करी व्यवहारात या शब्दाचा अर्थ 'माघार' असा होतो, आणि हक्काचा शनिवार-रविवार गमावलेला कर्मचारी तो याच अर्थाने उच्चारतो. ख्रिस्ती परंपरेत सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिलेली साधना सुमारे तीस दिवसांची असून तिचा पाया मौन हा आहे. कार्यालयांनी तीस दिवसांचे दोन केले आणि मौन तेवढे वगळले.

पुण्या-मुंबईच्या कार्यालयांची शिबिरे बहुधा लोणावळ्याच्या आसपासच भरतात, आणि या निवडीमागे परंपरेचा भक्कम आधार आहे, हे मान्य केले पाहिजे. पावसाळ्यात भ्रमंती थांबवून एका जागी राहण्याच्या बौद्ध भिक्षूंच्या प्रथेस वर्षावास म्हणतात, आणि भाजे, कार्ले येथील लेणी अशाच भिक्षुसंघासाठी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरली गेली. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर दात्यांची नावे असून त्यांत धेनुकाकटचे यवनही आढळतात. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने तर हे शैलगृह साऱ्या जंबुद्वीपात उत्तम असल्याचे शिलालेखातच नोंदवून ठेवले आहे. प्रायोजक आणि जाहिरात या दोन्ही संस्थांचे मूळ अशा रीतीने घाटमाथ्यावरच सापडते. मात्र भूतपालाने भिक्षूंना टी-शर्टचे माप विचारल्याचा कोणताही पुरावा उपलब्ध नाही.

आजच्या आयोजन समितीस ते विचारावेच लागते, कारण शिबिराचे उद्दिष्ट ठरण्याआधी टी-शर्टचा रंग ठरतो. त्यानंतर तीन ठिकाणची कोटेशने मागवून सर्वांत स्वस्त ते निवडले जाते, जैन जेवणाचा आकडा रोज बदलतो, आणि खोल्यांच्या वाटणीचा प्रश्न येताच एरवी सीमावादातच दिसावा असा मुत्सद्दीपणा प्रकट होतो, कारण विभागप्रमुख घोरतात हे सर्वांस ठाऊक असले तरी ते लेखी मांडता येत नाही. भित्तिपत्रकावर झळकणारा पोहण्याचा तलाव प्रत्यक्षात दुरुस्तीसाठी बंद असतो. त्याखालचा मजकूर मात्र कोणत्याही अभ्यासकाने जपून ठेवावा असा असतो : उपस्थिती ऐच्छिक आहे, न येणाऱ्यांनी सबळ कारण लेखी कळवावे. व्हॉट्सॲप गटावर या घोषणेखाली पन्नास अंगठे उमटतात, आणि त्यांनाच पुढे अहवालात 'उत्स्फूर्त प्रतिसाद' असे म्हटले जाते.

प्रत्यक्ष शिबिरात 'ट्रस्ट फॉल' नावाचा एक खेळ असतो. त्यात डोळे मिटून मागे पडायचे असते आणि सहकाऱ्यांनी झेलायचे असते. वर्षभर एकमेकांच्या चुका वरिष्ठांना कळवणाऱ्यांवर हा प्रयोग गवतावरच केला जातो, ही समितीची दूरदृष्टी होय. शेकोटीभोवती अंताक्षरी संपते न संपते तोच पुढील तिमाहीच्या उद्दिष्टांचे सादरीकरण लागते.

परतताना बस घाटातल्या कोंडीत अडकते. बोगद्यात मोबाइलचा संपर्क तुटतो, कोणी कोणाला काही विचारत नाही, आणि एकसारख्या रंगाचे टी-शर्ट घातलेली पंचेचाळीस माणसे काही मिनिटे स्वस्थ, गप्प बसून राहतात. कार्यक्रमपत्रिकेत हे सत्र छापलेले नसल्याने त्यावरचा अभिप्राय सोमवारी मागितला जात नाही.