केळी पुरे, डायपर द्या

पुढाऱ्याचा वाढदिवस आला की छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात फळवाटप ठरलेलं. केळी, बिस्किटांचे पुडे, फोटो. जालना, बीड, परभणीहून अंथरुणाला खिळलेल्या बापाला घेऊन आलेल्या लेकीला एकदा विचारा, तुला काय हवंय? आधी संकोचेल, मग हळूच सांगेल : डायपर.

मोठ्या माणसाचा एक डायपर पस्तीस-चाळीस रुपयांना पडतो. दिवसाला तीन धरले तरी महिन्याला तीन हजारांच्या वर. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये एवढ्यावरच पंधरा दिवसांत संपतात. सॅनिटरी पॅडवरचा जीएसटी जुलै २०१८मध्ये गेला, कारण बायकांनी आवाज उठवला. डायपरवर मात्र तो सप्टेंबर २०२५पर्यंत १२ टक्के होता, आता ५ आहे. अंथरुणावरचा माणूस मोर्चा काढू शकत नाही.

‘जुनी लुगडी फाडा, धुऊन वापरा,’ असं सांगणारे भेटतात. कशानं धुवायची? जायकवाडी धरण आपल्याच जिल्ह्यात, पण शहरातल्या कितीतरी वसाहतींत नळाला पाणी आठवड्यानं येतं. पिण्याचा हंडा राखायचा की कपडे भिजवायचे? ओल्या कापडावर माणूस पडून राहिला की कमरेला जखमा होतात, त्या चिघळतात आणि पुन्हा घाटीची वारी.

आपल्याकडे दानत आहे. व्हीलचेअर, वॉटरबेड, कमोडची खुर्ची अनामत घेऊन देणारी केंद्रं गावोगावी आहेत. त्या वस्तू परत येतात, त्यांच्यावर देणगीदाराचं नाव रंगवता येतं. डायपर वापरून फेकायचा, म्हणून तो कुणाच्या यादीत नाही. पण घराचं कंबरडं मोडतं ते अशाच रोज संपणाऱ्या वस्तूंनी! अमेरिकेत न्यू हेवनला जोॲन गोल्डब्लम यांनी २००४मध्ये बाळांसाठी डायपर बँक काढली. सरकारी अन्नमदतीतून डायपर घेता येत नव्हते. २०११पासून तिथे अशा बँकांचं देशभर जाळं आहे.

इथे मोठ्या माणसांसाठी अशी बँक काढायला सुरुवातीला फारसे पैसेही लागणार नाहीत. घरातला रुग्ण गेला की अर्धा पुडा कपाटात उरतो आणि तेराव्यानंतर कचऱ्यात जातो. सिडको, गुलमंडी, वाळूजच्या गणेश मंडळांनी हे पुडे गोळा करावेत. उघडलेला पुडा स्वच्छ, कोरडा असला तर चालतो. एम, एल, एक्सएल अशी मापं वेगळी लावा. देताना रांग नको, फोटो नको, साध्या पिशवीत घालून घरपोच द्या. आणि ज्या दारात एकदा गेलात, तिथे पुढच्या महिन्यात न बोलावता पुन्हा जा.